फळीखालची पुस्तकं

मंगळवारी सकाळी माझा भाऊ वारला. दुपारी वडील आणि मामा त्याला पवना नदीवर घेऊन गेले. संध्याकाळी शेजारच्या चाचीने आमच्या घरातली रद्दी तिच्या घरी नेली.

पहिल्या दोन गोष्टींबद्दल मला लिहिता येत नाही. प्रयत्न करून पाहिला आहे. तिसरीबद्दल लिहिते.

आम्ही तेव्हा देहूरोडला बाजारामागच्या चाळीत राहत होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. वडील लष्कराच्या डेपोत आलेलं सामान मोजून घेण्याचं काम करत. आई घरी बसून रद्दीच्या पिशव्या चिकटवत असे. बाजारातले दोन किराणावाले आणि एक फुटाणेवाला तिच्याकडून पिशव्या घेत. लष्करी कॅम्पातल्या बंगल्यांतून रद्दीवाला जे उचलून आणायचा, त्यातलं बरंचसं आमच्या खोलीच्या कोपऱ्यात येऊन पडायचं आणि आठवड्याभरात पिशव्या होऊन बाहेर जायचं. चाची म्हणजे पलीकडच्या खोलीतल्या सायकलवाल्याची बायको. दुपारची ती आईजवळ येऊन बसायची, गप्पा मारायची आणि बोलता बोलता तिचेही हात चालायचे. आईचं म्हणणं होतं की चाचीने मारलेली घडी इस्त्री केल्यासारखी बसते आणि तिची मैद्याची खळ कधी सुटत नाही.

कॅम्पात साहेब लोकांची काही कुटुंबं अजून राहिली होती. त्यांची मुलं मोठी झाली किंवा ती कुटुंबं विलायतेला निघाली, की त्यांच्या कपाटातलं सगळं रद्दीत यायचं. अशाच एका गठ्ठ्यातून ते पहिलं पुस्तक निघालं. पातळ, वहीएवढं. वरच्या पानावर एका सिनेनटाचा रंगीत फोटो. डोक्याला रुंद टोपी, गळ्यात रुमाल, शेजारी पांढरा घोडा. आत मात्र फोटो नव्हते. त्याच नटाच्या सिनेमाची गोष्ट चौकटी-चौकटींत काढलेली होती आणि माणसांच्या तोंडातून फुगे निघाले होते. फुग्यांत इंग्रजी.

आईने ते मांडीवर घेतलं होतं आणि ती पानं सुटी करणार होती. दादाने वरच्या वर काढून घेतलं. दादा तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला होता, चिंचवडच्या शाळेत सायकलवरून जायचा. तो तिथेच उकिडवा बसून वाचायला लागला. आईने विचारलं, सिनेमातला आहे ना तो, मग काय म्हणतोय ते आम्हालाही कळू दे. दादाने दोन-तीन फुगे इंग्रजीत वाचून दाखवले. आई म्हणाली, मला समजंल असं वाच.

तिथून ते सुरू झालं. दादा वहीचा कोरा समास कापून त्याच्या चिठ्ठ्या करायचा, फुग्याच्या मापाने मी त्या कातरायची, तो टाक बुडवून त्यांवर मराठी लिहायचा आणि मी आईच्या वाडग्यातली खळ लावून त्या इंग्रजीवर चिकटवायची. मग दुपारी आई आणि चाची पिशव्या करत असताना तो ती पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायचा. चाचीला वाचता येत नव्हतं, आईलाही नव्हतं. दोघी नुसत्या ऐकायच्या, चाचीची नजर हातातल्या घडीवर असायची.

त्याने ते भाषांतर म्हणून केलं नव्हतं. टोपीवाला नट आमच्या मामासारखा बोलायचा. मामा मोशी गावचा. तो आला की चाळीच्या तोंडापासून त्याचा आवाज ऐकू यायचा. पुस्तकातला नट बंदूक रोखून म्हणायचा, "आरं, हात वर कर. न्हाईतर हितंच रानात गाडीन, जुंधळा उगवंल तुझ्यावर." खलनायकाच्या तोंडी दादाने त्याच्या गणिताच्या मास्तरांची भाषा घातली होती. "आपण विनाकारण त्रास करून घेत आहात. या जमिनीचे कागद माझ्याजवळ आहेत." नायिका आईसारखी बोलायची, म्हणजे कुणी घोड्यावरून उतरला की आधी जेवून घे म्हणायची. आणि छातीवर बिल्ला लावलेला एक वयस्कर फौजदार होता, त्याचे इंग्रजी फुगे खूप मोठाले असायचे. दादाने त्या सगळ्या फुग्यांवर एकच शब्द लिहिला होता. "बघू." वडिलांना काहीही विचारलं तरी ते हेच म्हणत. आई हसून हसून पदर तोंडाला लावायची. चाची विचारायची, भाईजी को मालूम है क्या? वडिलांना माहीत नव्हतं. ते डेपोतून यायच्या आत पुस्तकं जागेवर गेलेली असायची.

कॅम्पातल्या थिएटरात एकदा त्याच नटाचा सिनेमा लागला होता. दादा कुणाच्या तरी ओळखीने आत गेला. परत आल्यावर म्हणाला, पुस्तक बरं. सिनेमात ते इतकं भराभर बोलतात की आपल्याला मध्ये काही घालता येत नाही.

पुस्तकांची जागा म्हणजे रद्दीच्या ढिगाच्या तळाला. चिकटवलेल्या चिठ्ठ्या वाळताना वर यायच्या, कागद वाकडा व्हायचा. म्हणून दादा पुस्तकं तळाशी ठेवायचा, त्यांवर सामानाच्या खोक्याची एक फळी आणि फळीवर आईची सगळी रद्दी. वजनाने चिठ्ठ्या सपाट बसायच्या. पुढे पुस्तकं वाढली, तरी जागा तीच राहिली. घरात नियमच होता, फळीच्या वरचं दुकानाचं, फळीच्या खालचं आपलं. आठ-नऊ पुस्तकं असतील. मी कधी मोजली नाहीत. मोजायचं कारण नव्हतं.

दिवाळीनंतर दादा रेल्वेच्या फाटकाजवळ सायकलवरून पडला. मडगार्डाचा पत्रा नडगीला लागला. आईने हळद भरली, जखम आठवड्यात सुकली. मग एका सकाळी त्याला भाकरी चावता येईना. दुपारपर्यंत तोंड उघडेना. बाजारातले डॉक्टर आले, त्यांनी धनुर्वात म्हणून सांगितलं. पुण्याला नेलं पाहिजे, पण हलवलं की झटके येतात, रस्त्यात काय होईल सांगता येत नाही, असंही म्हणाले. त्यांनी वडिलांकडे पाहिलं. वडील दाराची चौकट धरून उभे होते. ते म्हणाले, "बघू."

त्याबद्दल मी वडिलांना कधी दोष दिला नाही. नेलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. पण तो शब्द मला ऐकू आला आणि दादालाही ऐकू आला असणार. त्याचे डोळे उघडे होते.

दादाला बाजेवर निजवलं होतं, तिच्या सुंभाला झोळ पडला होता. झटका आला की त्याचं अंग कमानीसारखं वर उचलायचं आणि परत खाली त्या झोळात पडायचं. मोशीहून धावत आलेला मामा म्हणाला, पाठीखाली सपाट काहीतरी द्या. घरात सपाट असं एकच होतं. मी रद्दीचा ढीग कुशीवर कलता केला, मधून फळी ओढून काढली आणि मामाच्या हातात दिली. ढीग परत सरळ केला. पुढचे तीन दिवस दादा त्या फळीवर होता. तीन दिवसांत तो एक शब्द बोलला नाही, बोलू शकत नव्हता. मी चमच्याने पाणी घालायची, ते गालावरून बाहेर यायचं.

मंगळवारी संध्याकाळी पुरुष नदीवरून परत आले तेव्हा चाची आईजवळ बसली होती. किराणावाल्याचा माणूस सकाळी पिशव्यांसाठी येऊन, चाळीच्या दारातूनच मागे फिरला होता. ते चाचीने पाहिलं होतं. तेरा दिवस या घरात काम होणार नाही, दुकानदार दुसरीकडून पिशव्या घ्यायला लागतील, मग पुढे काय, एवढा सगळा विचार तिने आमच्यासाठी केला. आईचा हात धरून ती म्हणाली की कामाची फिकीर करू नकोस, ते माझ्याकडे सोड. आईने मान हलवली की नाही, मला आठवत नाही. चाचीने दोन खेपांत कोपरा रिकामा केला. मी समोर भिंतीला टेकून बसले होते. तिला दोन्ही खेपांना जाताना पाहिलं.

आम्हाला सुतक दहा दिवसांचं, आणि बाहेर पडायचं ते तेराव्यानंतर. मामाला सुतक तीनच दिवसांचं. म्हणून चौथ्या दिवसापासून बाहेरचं सगळं मामा करत होता. पाचव्या दिवशी तो बाजारातून साखर घेऊन आला. चुलीपाशी बसून त्याने ती डब्यात ओतली, पिशवी चुरगाळली आणि चुलीत सारायला हात पुढे केला. मला घोड्याचे मागचे पाय दिसले.

"मामा, ती जाळू नकोस."

मी पिशवी हातात घेऊन सरळ केली. एका बाजूला अर्धी चौकट होती, टोपीवाल्याचा खांदा आणि फुगा. फुग्यात दादाचं अक्षर. मी कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा पाच दिवस रिकामाच होता, पण तो मला तेव्हा दिसला.

मामाने विचारलं, काय लिव्हलंय. मी वाचलं.

"आरं, मरदा, नदीला काय भितो? बैलं पवत्यात, तुला काय झालं?"

मामाने साखरेच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "म्या आसं बोलतो व्हय?"

मी हो म्हटलं.

"मंग ह्यो घोड्यावर बसलेला, ह्यो म्या?"

मी परत हो म्हटलं. त्याने पिशवी माझ्या हातातून घेतली, चित्र जवळ धरलं, लांब धरलं. त्याला वाचता येत नव्हतं. "त्याला कवा सुचलं ह्ये," तो म्हणाला, पण ते मला विचारलेलं नव्हतं.

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पाच दिवसांत ती बोलली नव्हती. तशीच पडल्या पडल्या ती म्हणाली, "पुढं तो नदी उतरतो. ती पल्याड भाकरी घेऊन उभी असती. वाच की पुढचं."

पुढचं नव्हतं. गोष्ट मलाही माहीत होती, आईलाही होती. नदी उतरून तो पलीकडे जातो, ती त्याला आधी जेव म्हणते, तो जेवत नाही. पण ती कोणत्या शब्दांत म्हणते ते मला आठवेना. चिठ्ठी मी कातरली होती, मीच चिकटवली होती. दादा एवढ्या वेळा वाचायचा की लक्षात ठेवण्याची गरज कधी वाटली नाही. शाळेच्या वह्यांत त्याचं अक्षर होतं, बीजगणित होतं, इंग्रजी निबंध होते. त्यांत तो नव्हता. तो जसा बोलायचा ते सगळं त्या फळीखाली होतं, आणि फळी मी काढली होती.

मी मामाला सगळं सांगितलं. तो उठून आधी चाचीकडे गेला. मी दाराच्या आतून ऐकत होते, उंबऱ्याबाहेर जायचं नव्हतं. रद्दीतलं काही राहिलंय का, असं त्याने विचारलं. चाचीने अभिमानाने सांगितलं, "एक पान ठेवलं नाही, भाईजान. पोरींना पण बसवलं. दोन दिवसांत सगळं करून दुकानात पोचवलं. बाईला सांगा, एकपण गिऱ्हाईक तुटणार नाही." मामा म्हणाला, लई झाक केलंत. दुसरं काय म्हणणार.

मग तो बाजारात गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. त्याच्या उपरण्यात जिरं होतं, मेथ्या होत्या, हळकुंडं होती, दोन प्रकारची डाळ, फुटाणे, खोबरं. प्रत्येक दुकानात त्याने चित्राच्या पिशवीत द्या म्हणून मागितलं होतं, आणि दुकानदाराने हाताला आली ती पिशवी भरून दिली होती. निम्म्या वर्तमानपत्राच्या निघाल्या. एका किराणावाल्याने मात्र त्याला दुकानात बसवून उरलेला गठ्ठा चाळू दिला. सगळ्यांतून आपल्या अशा तीन मिळाल्या. आदल्या दिवशी आठवड्याचा बाजार होऊन गेला होता. चिखली, तळवडे, किवळे, सगळीकडची माणसं येऊन सामान घेऊन गेली होती. फुटाणेवाला मामाला म्हणाला होता की पाव्हणं, फुटाणे खाल्ले की पिशवी फुगवून फोडायची असते, ती कोण जपून ठेवतंय. तो हसला होता. त्याला आमच्या घरचं माहीत नव्हतं.

उरलेले आठ दिवस मी घरात होते. दाराच्या फटीतून चाळीचा बोळ दिसायचा. बोळातून जाणाऱ्याच्या हातात पिशवी असली की मी रंग दिसतो का पाहायची. दोनदा दिसला. एकदा एका बाईच्या हातात ती छातीवर बिल्ला असलेली चौकट होती, असं मला वाटलं. हाक मारता आली असती. मी मारली नाही. सुतकातल्या घरातून अनोळखी बाईला काय म्हणून हाक मारायची, आणि रिकामी पिशवी द्या असं कसं म्हणायचं, याचा विचार होईपर्यंत ती वळून गेली होती.

चौदाव्या दिवशी मी बाजारात गेले. काही नव्हतं.

मिळालेल्या पिशव्या मला उघडायच्या होत्या. पुस्तकाचं एक पान दुमडून पिशवी केलेली असते, तेव्हा पानाचा बराचसा भाग घडीत आणि तळाला आत गेलेला असतो. मी एक पिशवी बाहेरच्या ओट्यावर घेऊन कडा नखाने सोडवत होते. चाची पाणी घेऊन येत होती, ती थांबली. बराच वेळ तिने पाहिलं असावं. मग हळू आवाजात विचारलं, "बेटा, माझी खळ पातळ झाली होती का? दुकानवाला काही म्हणाला?"

मी म्हटलं, नाही, चाची. खळ चांगली आहे.

ती खरोखर चांगली होती. नखाने कड सुटेना, कागद फाटायला लागला. म्हणून मी पिशवी चहाच्या आधणावर वाफेत धरली. कड सुटली. पण माझ्या चिठ्ठ्याही त्याच मैद्याच्या खळीने लावलेल्या होत्या. घडीच्या आत दोन फुगे होते. उलगडत असतानाच दोन्ही चिठ्ठ्या ओल्या होऊन घसरल्या आणि बोटांना चिकटल्या. शाई पसरली. एकीवर "जेव" एवढं दिसलं असं मला वाटतं, पण ते मला दिसावंसं वाटत होतं म्हणूनही असेल. वाळल्यावर दोन्ही कागद निळे झाले. चिठ्ठ्यांखालून इंग्रजी वर आलं होतं, अगदी स्वच्छ.

त्यानंतर मी पिशवी उघडली नाही.

वर्षभराने मामी मोशीहून आली तेव्हा तिने आणखी एक आणून दिली. तिने त्यात धण्याचं बी ठेवलं होतं, आढ्याला खोचून. मामाने घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्या पिशव्या पाहायला लावल्या होत्या, असं ती म्हणाली. त्या पिशवीच्या बाहेरच्या बाजूला छातीवर बिल्ला असलेला फौजदार होता आणि फुग्यात तो एकच शब्द. ती मी वडिलांना दाखवली नाही. त्यांचं वय झालं, ते गेले, तोपर्यंत ती माझ्या ट्रंकेत होती. दादाने त्यांच्याविषयी काही लिहिलं होतं हे त्यांना कळलं असतं तर ते हसले असते का, याचा मी कधी कधी विचार करते. शब्द दुसरा असता तर दाखवली असती.

चाचीला मी कधी सांगितलं नाही. आईनेही सांगितलं नाही. सुतक संपल्यावर आई पुन्हा पिशव्या करायला बसली आणि चाची तिच्याजवळ. मी फळी धुऊन परत कोपऱ्यात ठेवली, खाली जमीन, वर रद्दी. आईने ते पाहिलं आणि ती तशीच राहू दिली. पुढे चाची मुलाकडे पिंपरीला राहायला गेली. मी शिकले, मास्तरीण झाले, इंग्रजीही शिकवलं. रंगीत पिशवी दिसली की उलटी करून पाहायची सवय कागदी पिशव्या बंद होईपर्यंत गेली नाही. चाची शेवटची भेटली तेव्हा तिला दिसत नव्हतं. तिने माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, तुझा भाऊ काय वाचायचा रे अल्ला, तो घोडेवाला. मी म्हटलं, हो.

आता माझ्याकडे पाच पिशव्या आहेत. एक उघडलेली आहे, तिच्यावरचं इंग्रजी मला वाचता येतं. बाकीच्या चार मी उघडलेल्या नाहीत. त्यांच्या बाहेरच्या बाजूला दादाच्या हातचे सहा फुगे आहेत. घडीच्या आत किती आहेत ते मला माहीत नाही.